डावा हात मार खायचा

आमच्या घरी अभ्यास संध्याकाळी व्हायचा. आप्पा वखारीतून यायचे, डोक्यातला भुसा दारात झटकायचे, चहा प्यायचे आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणायचे, "मास्तरीण, आण पुस्तक."

मी पुस्तक आणायचे आणि आई स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. आवाज तिला तरीही ऐकू यायचाच, पण निदान दिसायचं नाही.

आप्पा लाकडाच्या वखारीत करवत चालवत. माणसाच्या कमरेइतक्या उंच टेबलावर अर्धं वर, अर्धं खाली असं गोल पातं फिरायचं आणि आप्पा त्यावर ओंडके ढकलायचे. त्याच पात्याने त्यांच्या डाव्या हाताची मधली तीन बोटं नेली होती. 'डोळा लागला होता माझा,' असं ते सांगत. उरला अंगठा आणि करंगळी. अंगठ्याने ते पुस्तकाचं पान दाबून धरायचे आणि करंगळी ओळीवरून सरकवायचे. उजव्या हातात पट्टी असायची.

त्यांची शाळा अक्षरं जुळवता येतील इतपतच झाली होती. धड्यात काय लिहिलंय ते त्यांना कळत नसे, पण मी म्हणतेय तो शब्द आणि करंगळीखालचा शब्द एकच आहे की नाही, हे अचूक कळायचं. 'परंतु'च्या जागी 'पण' म्हटलं तरी पट्टी खाली यायची. मी म्हणायचे, "आप्पा, अर्थ एकच आहे." ते म्हणायचे, "अर्थाचं तुझ्या मास्तरला सांग. इथं काय छापलंय ते बोल."

मारण्याचाही त्यांचा कायदा होता. उजवा हात लिहायचा, डावा मार खायचा. परीक्षा कितीही जवळ आली आणि राग कितीही चढला तरी उजव्या हाताला त्यांनी कधी पट्टी लावली नव्हती. पट्टीही ते वखारीतून निवडून आणत. एकदा आईने चिडून विचारलं, "लेकीला मारायला लाकूड पारखून आणता?" तर अगदी शांतपणे म्हणाले, "हलकं लाकूड मोडतं, जड लाकूड हाड मोडतं. मधलं बघावं लागतं."

आज हे वाचून माझ्या सुना तोंडात बोट घालतील, पण मला त्या संध्याकाळी आठवतात तेव्हा पट्टीबरोबर ओल्या लाकडाचा वासही आठवतो. तो वास अजून कुठे आला की मी पावलं मंद करते. माणसाच्या मनाचं काही सांगता येत नाही.

या पद्धतीने मी शाळेत पहिली आले, आणि दरवर्षी पहिलीच आले. शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा वखारीच्या मालकाने आप्पांना सगळ्यांसमोर खुर्ची दिली. आप्पा बसले नाहीत, पण खुर्ची दिली होती हे नंतर कितीतरी दिवस सांगत होते. मी पुढे विज्ञान शिकायचं ठरलं. आमच्या घराण्यात कॉलेजचा जिना चढलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं.

वर्ग पायऱ्यापायऱ्यांचा होता, खाली फळा आणि वर आम्ही. माझ्या शेजारी एक जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याची मुलगी येऊन बसली. ती म्हणाली, "मला भोपळा म्हण, सगळे म्हणतात. गेल्या वर्षी पदार्थविज्ञानात तोच मिळाला होता. म्हणून यंदा पुन्हा इथेच. हा बाक मला ओळखतो."

पदार्थविज्ञान शिकवायला एक किडकिडीत, पांढऱ्या केसांचे सर होते. मुलं त्यांना 'का-सर' म्हणत, कारण कुणीही काहीही बोललं की ते विचारत, "का?" पहिल्याच दिवशी त्यांनी गतीचा नियम विचारला. माझा हात सगळ्यात आधी वर. उभी राहिले आणि स्वल्पविरामासकट घडाघडा म्हणून दाखवला.

"पाठ आहे," सर म्हणाले. "आता सांग, धावती गाडी एकदम थांबली की आतला माणूस पुढे का पडतो?"

हे पुस्तकात कुठल्या पानावर आहे ते मी डोळ्यांपुढे आणायला लागले. पान येईना. वर्ग वाट पाहत होता, सर वाट पाहत होते. तेव्हा आयुष्यभर जे केलं तेच मी केलं. बाकातून बाहेर आले, पायऱ्या उतरून सरांच्या टेबलापाशी गेले आणि डावा हात पुढे केला, तळवा वर.

आधी कुणाला कळलंच नाही. मग वर्ग असा हसला की बाकं हलली. सर हसले नाहीत. माझ्या तळव्याकडे बघत राहिले. तिथली कातडी टाचेसारखी झाली होती.

"हात खाली घे," ते म्हणाले. "इथे पट्टी मिळत नाही."

खोटं कशाला सांगू, मला फसवल्यासारखं वाटलं. पट्टी नाही तर आठवणार कसं?

त्या दिवसापासून वर्गात माझं नाव 'तबकडी' पडलं. सुई टेकवली की वाजते, म्हणून.

घरी आप्पांनी नवं पुस्तक हातात घेऊन तोललं. "जाड आहे," म्हणाले. खूश दिसले. धडे पहिल्यासारखेच चालले, करंगळी आणि पट्टी. पण प्रत्येक धड्याच्या शेवटी गणितं होती, आणि गणितात मी काय बोलायचं आणि त्यांनी काय तपासायचं? एक-दोन संध्याकाळी ते अस्वस्थपणे पानं उलटत बसले. मग त्यांना पुस्तकाच्या शेवटी उत्तरं सापडली.

"हे काय आहे?"

"गणितांची उत्तरं."

"मग झालं तर. ही पाठ कर."

"आप्पा, उत्तरं पाठ नसतात करायची. ती काढायची असतात."

पट्टी बसली. "छापलेली आहेत ना? मग काढायची कशाला?"

मला तेव्हा त्यांचं म्हणणं फारसं चूकही वाटलं नाही. मी उत्तरं पाठ केली. धडा, गणिताचा क्रमांक, उत्तर, दशांशासकट. एक दशांश चुकला की एक फटका. डाव्या तळव्यातून रक्त आलं तर आप्पा थांबायचे, त्यावर हळद दाबायचे आणि पुढचा आकडा विचारायचे.

पहिली चाचणी आली. पेपर हातात पडताच मला हसू फुटलं, कारण सगळी गणितं पुस्तकातलीच होती. मी भराभरा उत्तरं लिहिली आणि सगळ्यांच्या आधी बाहेर आले.

सरांनी गणितं पुस्तकातलीच दिली होती. फक्त आकडे बदलले होते.

निकाल फलकावर लागायचा. आप्पा वखारीतून सुटून थेट कॉलेजात आले, मिशांवर भुसा तसाच. त्यांनी करंगळी यादीवर वरून खाली आणायला सुरुवात केली. पहिलं नाव माझं नव्हतं. ते खाली खाली जात राहिले, वाकले, आणि अगदी तळाशी थांबले. माझ्याखाली कुणीच नव्हतं. भोपळासुद्धा माझ्या वर होती.

ते वळले आणि तिथेच, फलकापुढे, त्यांनी मला मारलं. पट्टी जवळ नव्हती म्हणून हाताने. तीन बोटं नसलेल्या डाव्या हाताची थप्पड वेगळी लागते. तळवा आणि त्याचं हाड सरळ गालफडावर येतं. मी भिंतीवर आपटले, ओठ फुटला. मुलं जिन्यात थिजली. शिपाई धावत आला तर आप्पा त्याला म्हणाले, "माझी मुलगी आहे." शिपाई मागे सरकला. त्या काळी तेवढं पुरायचं.

घरी आल्यावर त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, "सुट्टीनंतर पुन्हा परीक्षा आहे म्हणतात. त्यात पास झालीस तर कॉलेज. नाही तर वखार. आणि सुट्टीभर वखारीत यायचं. कळू दे नापास झाल्यावर काय असतं ते."

दुसऱ्या दिवशी मी भोपळ्याला गाठलं आणि हातात लाकडी फूटपट्टी दिली. "तू विचार. चुकले की मार. जोरात मार, नाही तर डोक्यात राहत नाही."

तिला आधी थट्टा वाटली. मग माझं तोंड पाहून तिने एक मारली. मी हूं की चूं केलं नाही. तिने दुसरी मारली आणि पट्टी बाकावर टाकली.

"नाही बाई, मला नाही जमायचं. तुला लागत नाही आणि मला रडू येतंय, असला कसला अभ्यास? मी नापास होते, पण हसत तरी होते." मग तिने माझा दंड धरला आणि मला का-सरांच्या खोलीपर्यंत ओढत नेलं. "सर, ही मार मागते आहे. तुम्हीच बघा."

सरांनी मला समोर बसवलं आणि एका कागदावर गणित लिहून दिलं. एक गोळा, एक दोरी, एक खिळा. मी म्हटलं, "सर, आकडे राहिले."

"राहिले नाहीत. दिलेलेच नाहीत. दोरी तुटली तर गोळा कुठे जाईल?"

"माहीत नाही," मी म्हटलं आणि डोकं खांद्यात घेतलं. काहीच झालं नाही. सर पेन्सिलीला टोक करत होते.

"ठीक. मग माहीत काय आहे?"

अशी आमची शिकवणी सुरू झाली. सर प्रेमळ बिमळ नव्हते. चुकलं की "छे" म्हणायचे आणि कागद फाडून टोपलीत टाकायचे. पण प्रत्येक "माहीत नाही"नंतर माझं अंग आक्रसायचं आणि प्रत्येक वेळी वर काहीच कोसळायचं नाही. याची सवय व्हायला मला पदार्थविज्ञानापेक्षा जास्त वेळ लागला. कळत मात्र फारसं नव्हतं. मी सरांची वाक्यंसुद्धा पाठ करून टाकत होते.

सुट्टी लागली. मी वखारीत फळ्या रचायला जाऊ लागले. तिथे माझा मामाही होता, आईचा धाकटा भाऊ. आप्पा मोठी करवत चालवायचे, मामा लहान. मामा जगावेगळा गमत्या माणूस. करवतीच्या गोंगाटात ओरडून म्हणायचा, "काय तबकडी बाई, वाजवा की काहीतरी." हे नाव मीच त्याला सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं.

त्या दिवशी लाकूड ओलं होतं. मामा एक लांब फळी ढकलत होता, मी पलीकडे टोक धरायला उभी. फळी अर्धी चिरली आणि पात्याचा आवाज एकदम खाली गेला, गळा दाबल्यासारखा. मामाने जोर लावला. मग ती फळी पात्याच्या मागच्या बाजूने उचलली गेली आणि आली तशी उलटी गेली. नजर पोचेपर्यंत ती मामाच्या पोटात होती. तो मागच्या ओंडक्यांवर जाऊन पडला. फळी त्याच्याबरोबर गेली. पोटावरचा सदरा काळा झाला, आणि तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "अगं, हे काय झालं." पातं मोकळं होऊन पुन्हा पहिल्यासारखं गात होतं. ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

आप्पांनी फळी ओढून काढली आणि त्याला दोन्ही हातांवर उचललं. आई चुलीसाठी वखारीत ढलप्या वेचायला आली होती, ती टोपली टाकून धावली. दवाखान्यात पोचेपर्यंत मामा बोलत होता, नंतर बोलला नाही.

तो गेला. मी बसून राहायचे आणि डोळ्यांपुढे तीच फळी. मामाने तिला पुढे ढकललं होतं, ती मागे का आली? कुणी ढकललं तिला? रडता रडता मी कागदावर गोल काढला. दात काढले, पातं फिरतं त्या दिशेला बाण काढला. आणि सरांचं पाठ केलेलं एक वाक्य, 'दोरी तुटली की गोळा त्या क्षणी जिकडे चाललेला असतो तिकडेच जातो,' अर्थ होऊन समोर उभं राहिलं. इतकं भयंकर काही मला त्याआधी कधी कळलं नव्हतं.

सुट्टी संपत आली. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. "आण पुस्तक." पट्टी नवी होती. "उद्या नापास झालीस तर तुझ्या मामाची जागा रिकामी आहे. मालकाने विचारलंय."

आईच्या हातातलं भांडं पडलं. या वेळी तिने दार लोटलं नाही.

आप्पांनी धडा उघडला. करंगळी पहिल्या शब्दावर. मला तो धडा पाठ होता, डोळे मिटून म्हणता आला असता. पण तोंड उघडलं तर निघालं वेगळंच.

"आप्पा, पात्याचे दात तुमच्या बाजूने खाली येतात आणि पलीकडून वर जातात."

करंगळी थांबली. "हे इथं नाही."

"नाही. पण ओलं लाकूड चिरलं की चीर पुन्हा मिटते आणि मागच्या दातांना चावते. ते दात वर चाललेले असतात. ते फळीला उचलतात."

पट्टी आली. मी डावा हात पुढे केलाच नव्हता, डावा हात म्हणजे पातं होतं आणि उजवा हात म्हणजे फळी. मला हातांशिवाय सांगता येत नव्हतं. पट्टी हवेतल्या डाव्या हातावर पडली.

"छापलंय ते बोल."

"वर गेलेले दात माथ्यावरून तुमच्याकडे येतात. म्हणून फळी तुमच्याकडे येते. पात्याचा सगळा वेग तिच्यात येतो." पट्टी. "आणि वजन तिचं स्वतःचं असतंच." पट्टी. "ती पोटात थांबते. जितक्या पटकन थांबते तितका जोर जास्त." पट्टी, पट्टी. आता ते उठून उभे राहिले होते. फटके मनगटावर, कोपरावर, मानेवर पडत होते आणि मी बोलत होते, थांबले असते तर पुन्हा कधी बोलता आलं नसतं. "तुमची बोटंही अशीच गेली. फळी उडाली आणि ज्या हाताने तुम्ही ती दाबली होती तो हात आधाराशिवाय पुढे गेला. तुमची चूक नव्हती, आप्पा. तुम्ही म्हणता ना, 'डोळा लागला होता माझा.' नव्हता लागला."

पुढचा फटका उजव्या हातावर बसला. मधल्या बोटाचं हाड मोडलं तो आवाज आम्हा तिघांना ऐकू आला.

आप्पांचा हात वरच राहिला. आई मधे आली. तिने दोन्ही हातांनी त्यांच्या छातीवर असा धक्का मारला की ते भिंतीवर आदळले आणि खाली बसले. ती त्यांच्या अंगावर वाकली. "माझा भाऊ गेला त्या करवतीखाली. हिला हात लावलात तर तुम्हालाही तिथंच घालीन." आईचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. आप्पांनीही नसावा. ते माझ्या उजव्या हाताकडे बघत होते. पुस्तक मिटलं होतं, ओळ हरवली होती.

मग ते म्हणाले, "पाचर मारली असती मागे, चिरेत... तर?"

"तर चीर मिटली नसती," मी म्हटलं.

त्यांनी तोंड फिरवलं.

सकाळी आईने ढलपी लावून बोट बांधून दिलं. मी परीक्षेला गेले. पेन अंगठा आणि तर्जनीत धरून लिहायचं म्हणजे प्रत्येक अक्षर कळ घेऊन यायचं, त्यामुळे फालतू एकही शब्द लिहिणं परवडणार नव्हतं. धड्यातलं एकही वाक्य मी उतरवलं नाही. गणितांचे आकडे पुन्हा बदलले होते. बदलू देत. एका गणितात मधेच अडले, तर खाली लिहिलं, 'इथपर्यंत कळतं, इथून पुढे का ते माहीत नाही.' हे लिहिताना मान आपोआप खांद्यात गेली, तेवढं एकदाच. अर्धे प्रश्न राहिले आणि वेळ संपला. भोपळा मागून कुजबुजली, "मेली नाहीस ना गं?"

निकाल बघायला आप्पा आले. मी जिन्यात उभी राहिले, हाताच्या अंतराबाहेर. या वेळी त्यांनी करंगळी खालून वर न्यायला सुरुवात केली, आणि ती फार वर न्यावी लागली नाही. काठावर पास. माझ्या वर पुष्कळ नावं होती, पण या वेळी खालीही काही होती. सरांनी अडलेल्या गणिताला इथपर्यंतचे गुण दिले होते. आप्पा त्या नावाशी बराच वेळ बोट टेकवून उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चल. तुझी आई वाट बघत असेल."

मी कॉलेजातच राहिले, पुढेही शिकले, शिकवलंही. मामाच्या जागेवर मालकाने दुसरा माणूस ठेवला.

आप्पांनी त्यानंतर माझ्या अंगाला बोट लावलं नाही आणि माझा अभ्यासही घेतला नाही. संध्याकाळी ते यायचे, भुसा झटकायचे, चहा प्यायचे, कप खाली ठेवायचे. मी समोर पुस्तक घेऊन बसलेली असायचे. ते एकदा माझ्याकडे बघायचे, एकदा दाराकडे. इतक्या वर्षांत आम्ही त्या एका कामाशिवाय एकमेकांशी कधी काही बोललोच नव्हतो, आणि आता काय बोलावं हे दोघांनाही माहीत नव्हतं. थोड्या वेळाने ते उठून बाहेर जात आणि आई जेवायला हाक मारीपर्यंत तिथेच उभे राहत.